कारखान्यावरची तक्रार

पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आवारात समाजकार्य शिकलेली बाई बसते, तिचं काम गुन्हा नोंदवणं नसून तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या शेजारी उभं राहणं असतं, हे बीड जिल्ह्यात अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. मी ते काम केलं. पाटीवर ‘महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष’ असं लिहिलेलं. बायका मात्र ‘ताईंची खोली’ म्हणायच्या.

1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने असा पहिला कक्ष आयुक्तालयात सुरू केला. या शतकाच्या सुरुवातीला फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तो मुंबईबाहेरच्या काही जिल्ह्यांत पोहोचला आणि पुढे राज्य सरकारने खर्च स्वतःकडे घेतला. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. देणगीवर उभं राहिलेलं काम बहुतेक वेळा देणगीबरोबरच गुंडाळलं जातं. इथं ते पोलिसांच्या कामकाजात मुरलं. म्हणून तर धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या बाईला दाद मागायला मुंबई गाठावी लागली नाही.

आवारातच बसत असल्याचा फायदा रोज दिसायचा. बोलावणं पोलिसांकडून गेलं की नवरा येतो, सासराही येतो. बाईचा जबाब चालू असताना कुणी मध्येच ‘नांदायचं का नाही ते सांग’ म्हणालं, तर त्याला थांबवणारं माणूस खोलीत असतं. जुने जमादारसुद्धा हळूहळू स्वतःहून बायकांना आमच्याकडे पाठवू लागले.

पण बीडचं दुखणं बीडमध्येच घडतं असं नाही. दसरा झाला की गावंच्या गावं टोळ्यांनी ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर, पण पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईने मार खाऊन माहेर गाठलं की कोयता मोडतो, उचल फिटत नाही, मुकादम नवऱ्याच्या मागे लागतो आणि सगळी टोळी तिलाच समजवायला बसते. तिच्या पाठीवरचे वळ कुणी नाकारत नाही. हिशेब तेवढा पुढे करतात.

अशीच एक जण माहेरच्या माणसाबरोबर आली होती. तळहात पाचटाने चिरलेले, एका मनगटाला फडकं बांधलेलं. कोपीत, म्हणजे तोडीच्या जागेवरच्या झोपडीत, मार बसला होता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर. तिथल्या ठाण्यात सांगितलं, तुमच्या गावाकडं जा. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, घटना आमच्या हद्दीतली नाही. ‘मंग म्या जाऊ कुठं, ताई?’ तिने एवढंच विचारलं.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्याचं 27 वं कलम तिच्यासाठीच लिहिलंय असं मला त्या दिवशी वाटलं: ती जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्याही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणजे कोपीचा पत्ताही चालतो आणि माहेरचाही. घटनेचा अहवाल भरताना पत्त्यापाशी ती अडली. सासरच्या घराला कुलूप, कोपी सोडलेली. मी माहेरचं गाव लिहिलं, खाली कारखान्याचा गट आणि मुकादमाचं नाव लिहिलं. मारहाणीच्या तारखा तिला ठाऊक नव्हत्या. कोणत्या फडात तोड चालू होती, त्या दिवशी किती खेपा झाल्या, गाडी रात्री कधी भरली, हे मात्र तिने नीट सांगितलं. त्यावरूनच आम्ही क्रम लावला. फौजदारी तक्रारही शून्य क्रमांकाने घ्यायला लावली. आता 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच ती तरतूद आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, ठाण्याला खबर नोंदवावीच लागते.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. कायदा म्हणतो, पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकालाचा प्रयत्न पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत. ऊसतोडीच्या बाईचे हे साठ दिवस फडात जातात. पोटासाठी ती भावाच्या टोळीत परत गेली. तारखेला यायचं तर खाडा पडतो, प्रवासाचे पैसे वेगळे, लेकरू कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. ती गैरहजर राहिली की समोरचा वकील म्हणणार, बाईलाच गरज नाही. आम्ही याच कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत विनंती केली: अंतरिम पोटगीचं आत्ताच ऐकावं, पुरावा पाडव्यानंतर घ्यावा. न्यायालयाने ते मानलं. कायद्याच्या 28 व्या कलमात दंडाधिकाऱ्यांना स्वतःची कार्यपद्धती ठरवायची मोकळीक आहे. कुणीतरी ती मागायला हवी.

आणि ते मागणारं माणूस गाळपाच्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी बसून भागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. त्याच्यासाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात हंगामापुरती एक ताई नेमावी, बीडची बोली समजणारी, आणि तिने तिथल्या नोंदी पाडव्याला आमच्या कक्षाकडे सोपवाव्यात. ही मागणी मी जमेल त्या प्रत्येक बैठकीत मांडली. अजूनही मांडते.