स्लिपेवरचा संगणक

संगणकाचा पडदा कसा असावा हे ठरवणारा माणूस बँकेच्या काउंटरवर सहसा उभा राहिलेला नसतो. आणि जो उभा असतो त्याला कोणी विचारीत नाही. का, तर त्याला प्रोग्रॅमिंग येत नाही! आम्ही बी.कॉम. झालेली माणसे. आम्हाला येते ते डेबिट आणि क्रेडिट.

वास्तविक यावर तोड १९८७ सालीच निघाली होती. बिल अ‍ॅटकिन्सन नावाच्या गृहस्थाने अ‍ॅपल कंपनीसाठी 'हायपरकार्ड' केले. पडद्यावर एक कार्ड, कार्डावर बटण. बटण दाबले की दुसरे कार्ड हजर. म्हणजे बँकेतली सह्यांची कार्डेच की! प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या शाळामास्तरानेही आपला नमुना स्वतः जुळवावा. १९९३ चा 'मिस्ट' हा गाजलेला खेळ त्यातूनच उभा राहिला. २००४ मध्ये अ‍ॅपलने ते विकणे बंद केले. आता फिग्मा वगैरे आहे म्हणा, पण पुणेकराला आधी दिसते ती स्लिपेची कोरी पाठ.

पेन्शनवाल्या एका आजींसाठी मी चार स्लिपांवर चार पडदे पेन्सिलीने काढले. त्यांनी बटणावर बोट ठेवायचे, मी स्लिप बदलायची. संगणक मीच! तिसऱ्या स्लिपेवर, सगळीकडे असते तसे, 'रद्द करा' होते. आजींनी बोट आखडून घेतले.

"आजी, दाबा की."

"छे हो! माझं पेन्शनच रद्द झालं तर?"

कुठल्या इंजिनियरला हे सुचले असते? मी खोडरबर काढला आणि तिथे 'मागे जा' लिहिले. खर्च शून्य, सर्क्युलर नाही, कमिटी नाही.

आजींनी बोट टेकवले. मी निमूटपणे दुसरी स्लिप पुढे केली.