दोन प्रतिष्ठित इसम

फौजदारीच्या उमेदवारीत माझ्याकडून जे पहिले लेखन करवून घेण्यात आले ते पंचनाम्याचे होते, आणि आज विद्यापीठात गुन्हेशास्त्र व फौजदारी न्यायव्यवस्था शिकवताना ज्या कागदाभोवती माझी टिपणे, व्याख्याने आणि विद्यार्थ्यांशी होणारे वाद पुन्हापुन्हा घोटाळत राहतात तोही पंचनामाच होय. मधल्या काळात वर्दी उतरली, ठाण्याचा खाक्या सुटला. हा कागद मात्र सुटला नाही.

ज्या वयोवृद्ध हवालदाराच्या हाताखाली मी लिहू लागलो त्याची शिस्त कोणत्याही गद्यलेखकाने हेवा करावा अशी होती. आधी जागेची चतुःसीमा, मग प्रेताचे डोके कोणत्या दिशेस, डाग ओला की सुकलेला, जवळच्या कायम खुणेपासूनचे अंतर, आणि अखेरीस जप्त मुद्देमाल लाखेच्या मोहरेसह. विशेषण एकही नाही आणि तर्क तर नाहीच नाही. परंतु या निःस्पृह गद्यात एक मोठी गंमत होती. आरंभी ‘आम्ही खाली सह्या करणार पंच’ असे येई, आणि त्या ‘आम्ही’च्या मुखाने बोलत असे तो मी. पाहावयाचे दोघा त्रयस्थांनी, लिहावयाचे पोलिसाने आणि विश्वास ठेवावयाचा न्यायाधीशाने, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती.

हे त्रयस्थ कोठून येत? कायद्याला हवे असत ते त्याच वस्तीतील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित इसम. प्रत्यक्षात प्रतिष्ठित मनुष्य पोलिसाची जीप दिसताच खिडकी लावून घेई. कारण आज केलेल्या सहीचे समन्स काही वर्षांनी येणार, तारखांवर तारखा पडणार आणि साक्षीच्या पिंजऱ्यात वकील आपलीच उलटतपासणी करणार, हे त्याला ठाऊक असे. मग ठाण्यासमोरचा चहावाला किंवा पानवाला उपयोगी पडे. अशा नेहमीच्या पंचाला बचाव पक्षाचा वकील ‘यापूर्वी किती पंचनाम्यांवर सही केलीत?’ एवढेच विचारी, आणि कित्येकदा तेवढ्यावरच खटल्याचा कणा मोडे. अलीकडे गंभीर गुन्ह्यांत सरकारी नोकरांना पंच म्हणून बोलावण्याची वहिवाट आपल्याकडे पडली आहे. ते फितूर होण्याचा संभव कमी, हे खरे, पण सरकारच्या कामाला सरकारचाच साक्षीदार ही तोड मला कधीच पुरती रुचली नाही.

वर्दीत असताना मला याहून अधिक बोचत असे ते पुराव्याच्या कायद्यातील कलम २५. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, असे ते निःसंदिग्धपणे सांगे. ज्या राज्यसत्तेने माझ्या कमरेला पिस्तूल दिले तिने माझ्या कानांवर विश्वास ठेवू नये, हा अपमान वाटे. त्याचे मूळ शोधावे म्हणून मी दप्तरे चाळू लागलो, आणि त्या शोधानेच मला अध्यापनाच्या वाटेला लावले. मद्रास इलाख्यात महसूल व पोलीस अंमलदारांनी केलेल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८५५ चा अहवाल मी वाचला, तेव्हा १८६१ च्या फौजदारी संहितेत आलेला आणि १८७२ मध्ये मसुदाकार स्टीफनने पुराव्याच्या कायद्यात कायम केलेला हा निर्बंध कोणा इंग्रजाच्या तुच्छताबुद्धीतून निघाला नसून गांजलेल्या रयतेच्या अर्जांतून निघाला आहे, असे माझे मत बनले. स्टीफनने पुढे एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचे उद्गार नोंदविले आहेत. त्यांचा आशय असा की, उन्हातान्हात पुरावा हुडकीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणे फार सोपे. पोलिसी आळसाचे इतके नेमके निदान मला नंतरच्या कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

वर्दीतून अध्यापनाकडे येणारा मी काही पहिला नव्हे. फारसे शालेय शिक्षण नसलेला अमेरिकेतील बर्कली नगराचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर पुढे तेथल्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला. माझ्या विद्यार्थ्यांना या गृहस्थाचे मोठे आकर्षण वाटते. मला मात्र अधिक भुरळ पडते ती प्रिव्ही कौन्सिलच्या कोट्टय्या प्रकरणातील १९४६ सालच्या निवाड्याची. पुराव्याच्या कायद्यातील तेव्हाच्या कलम २७ अन्वये आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य. छपरात सुरा लपविला आहे, हे चालेल; त्या सुऱ्याने भोसकले, हे चालणार नाही. एकच वाक्य न्यायालय मधोमध चिरते, आणि पंचांसमोर होणाऱ्या निवेदनाच्या पंचनाम्याची सगळी मदार त्या चिरेवर असते. म्हणूनच छपरांतून सुरे इतक्या नियमाने निघत असावेत, असा माझा जुना संशय आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य मुद्रण आवश्यक केले आहे. पंचांच्या सह्याही त्यात टिपल्या जावयाच्या आहेत. चहावाल्याच्या सहीपेक्षा हे शतपटीने बरे. तथापि आरोपी छपराकडे बोट दाखवतो हे जरी मुद्रणात दिसले, तरी ते बोट दाखवण्याची इच्छा त्याला कोठडीत कशी झाली, हे त्यात येत नाही. यासाठी माझ्या वर्गात नोकरीतले फौजदार येतात तेव्हा मी त्यांना चित्रफीत पाहण्यापूर्वी ठाण्याची दैनंदिनी काढावयास लावतो. अटकेची वेळ एका बाजूस, मुद्रण सुरू झाल्याची वेळ दुसऱ्या बाजूस, आणि मधल्या तासांत तपासी अंमलदार कोठे होता याची नोंद आहे की नाही, एवढे त्यांनी आधी लिहून द्यावयाचे.