बारा धावांचे अंतर



दीर्घकाळच्या आजारात माणसाला आजार जितका थकवतो, तितकेच त्याचे चढउतार थकवतात. काल साखर १४० होती, आज २१० आली. परवा आजी अंगणापर्यंत चालत गेल्या, आज खाटेवरून उठायला तयार नाहीत. अशा वेळी सारे घर एका दिवसात हरखते आणि एका दिवसात खचते. या चढउतारांकडे कसे पाहावे, हे समजावताना इंझोरीतल्या माझ्या दवाखान्यात मी बहुधा क्रिकेटचा आधार घेतो. कारण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आमच्याकडे आजोबा आणि नातू शेजारी बसून जे पाहतात, ते आयपीएल.

२०२५ चा मुंबई इंडियन्सचा हंगाम आठवून पाहा. आदल्या वर्षी हा संघ १४ पैकी केवळ ४ सामने जिंकून दहा संघांत तळाला राहिला होता. नव्या हंगामाची सुरुवातही तशीच झाली. पहिल्या पाच सामन्यांत चार पराभव. ४ एप्रिलला लखनौकडून १२ धावांनी हार, ७ एप्रिलला वानखेडेवर बंगळुरूकडून पुन्हा १२ धावांनी हार. मग १३ एप्रिलला दिल्लीत, हातातून निसटू पाहणारा सामना मुंबईने खेचून आणला. एकोणिसाव्या षटकाच्या शेवटच्या तीन चेंडूंवर दिल्लीचे तीन फलंदाज धावबाद झाले आणि मुंबई जिंकली, तीही १२ धावांनीच. या विजयापासून संघाने सलग सहा सामने जिंकले.

लक्षात घ्या, तिन्ही सामन्यांतले अंतर एकच होते. ७ एप्रिलच्या रात्री ‘संपला हा संघ’ म्हणणारे आणि १३ एप्रिलच्या रात्री ‘आता कोण अडवणार’ म्हणणारे, दोघेही त्याच संघाविषयी बोलत होते. संघ पहिल्या रात्री वाटला तितका वाईट नव्हता आणि दुसऱ्या रात्री वाटला तितका अजिंक्यही नव्हता.

आजाराचेही असेच आहे. बोटातून रक्त घेऊन घरी तपासलेली साखर हा एक सामना आहे. आदल्या रात्रीचे जेवण, अपुरी झोप, सर्दी-ताप, मनातली चिंता, यांतले काहीही तो आकडा हलवू शकते. गुणतक्ता पाहायचा असेल, तर एचबीए१सी ही तपासणी आहे. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. रक्तदाबाचेही तसेच. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, हात हृदयाच्या पातळीवर असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आठवडाभराच्या अशा नोंदी एखाद्या दिवशीच्या आकड्यापेक्षा डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतात.

वाईट आठवड्यात घरात पहिली गडबड होते ती सगळेच बदलून टाकण्याची. डॉक्टर बदलायचा, औषध बदलायचे, शेजाऱ्याने सांगितलेला काढा सुरू करायचा, व्यायाम थांबवायचा. जसप्रीत बुमराहच्या पाठीला जानेवारीत सिडनीच्या कसोटीत दुखापत झाली. त्याने पुरेसा काळ विश्रांती आणि पुनर्वसनासाठी दिला. त्यापायी चॅम्पियन्स करंडकासारखी स्पर्धाही सोडावी लागली. ७ एप्रिलला तो मैदानात परतला, आणि त्याच दिवशी संघ हरला. त्याला परत आणणे चुकले, असा त्याचा अर्थ होता काय? योग्य उपचाराचे फळ त्याच दिवशी दिसतेच असे नाही. रक्तदाबाच्या बहुतेक औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

त्या उन्हाळ्यात पक्षाघातातून सावरणारे एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे येत. दोन आठवडे उजव्या हातात काहीच फरक पडला नाही, म्हणून मुलाने व्यायाम बंद केला होता. ‘बाबांना उगाच त्रास कशाला’ ही त्याची भावना खरी होती. पण पक्षाघातानंतरची सुधारणा सरळ रेषेत होत नाही, आणि पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात. तेच निसटले, तर ते परत मिळत नाहीत. मी त्याला फक्त इतकेच विचारले, की मुंबईचा संघ पहिल्या पाच सामन्यांनंतर घरी गेला असता, तर? व्यायाम पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात ते चमच्याने स्वतः जेवू लागले. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण जेवण त्यांचे त्यांना घेता येऊ लागले.

दुसरी चूक चांगल्या आठवड्यात होते, आणि ती अधिक घातक असते. ‘डॉक्टरसाहेब, आता तं बरं वाटते, मंग गोया कायले घ्याच्या?’ हा प्रश्न मी रोज ऐकतो. बरे वाटते, ते गोळ्यांमुळेच, हे सांगावे लागते. सलग सहा विजयांनंतर ६ मे रोजी पावसाने अडवलेला सामना मुंबईने शेवटच्या चेंडूवर गुजरातला गमावला. जिंकत असतानाही सराव सोडता येत नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या अचानक थांबवल्यास त्रास एकदम उसळतो. मात्रा कमी करायची असेल, तर ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मग रोज करायचे तरी काय? सूर्यकुमार यादवने त्या हंगामात ७१७ धावा केल्या. एकही शतक नाही. पण सोळाच्या सोळा डावांत त्याने किमान २५ धावा केल्या. शुश्रूषेला हेच लागू पडते. एका दिवशी दोन तास चालवून पुढचे चार दिवस पाय दुखवून घेण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. वेळेवर गोळी, वेळेवर जेवण, पुरेसे पाणी, पुरेशी झोप.

मात्र प्रत्येक वाईट दिवस ‘चालायचेच’ म्हणून सोडू नका. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हातातली शक्ती एकाएकी जाणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक भ्रम होणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले किंवा पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मधुमेही रुग्णाला घाम सुटून गळाल्यासारखे झाले आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच साखर द्यावी आणि मग दवाखाना गाठावा.

मुंबईने तो करंडक जिंकला नाही. चौथ्या स्थानावरून बाद फेरीत येऊन संघाने गुजरातला हरवले. पण १ जून रोजी अहमदाबादला पंजाबकडून त्याची वाट संपली. मुंबईतच वाढलेल्या श्रेयस अय्यरने नाबाद ८७ धावा करून पंजाबला अंतिम सामन्यात नेले. तरीही तळाच्या स्थानावरून अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्या संघाला अपयशी कोण म्हणेल?

मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात यांत बहुतेकदा ‘पूर्ण बरा’ नावाचा करंडक नसतो. रुग्णाची आणि तुमची जीत कशात आहे, हे घरात बसून ठरवा: स्वतःच्या हाताने जेवणे, आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत जाणे, नातवाच्या लग्नात दोन तास बसता येणे. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खाली रोजच्या नोंदी ठेवा, आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.