जप्त केलेली वही



दर अंकात आम्ही या पानावर निकाल, स्नेहसंमेलन, इमारत निधी असे काही लिहितो. या वेळी एका वहीबद्दल लिहायचे आहे. ती आम्ही भर वर्गात जप्त केली होती, त्यामुळे बाकीची हकीकतही सर्वांसमोर आलेली बरी.

एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर पाच मुले घोळका करून बसलेली दिसली. तीन मुलगे, दोन मुली. मध्ये बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या. एक जण चिठ्ठी काढतो, बाकीचे ओरडतात, आणि एक मुलगी वहीत आकडे मांडते. वहीत लिहिले होते, 'सुवर्ण ५०, उधारी १०'. आम्ही एवढेच वाचले. जुगार! वही व डबा उचलला आणि ज्याची वही होती त्याच्या वडिलांना बोलावणे धाडले.

वडील इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत काम करतात. अर्ध्या पाळीची मजुरी सोडून, काळ्या झालेल्या हातांनीच ते कार्यालयात आले. वही बघून म्हणाले, "बघा की सर, ही वही मीच आणून दिलेली. पुण्याच्या पुतण्यानं शिकवलेला खेळ आहे. पैशाचं काही नाही त्यात." आम्ही पहिल्या पानापासून वाचू लागलो, तेव्हा खरोखरच पैशाचे काही नव्हते.

खेळ मूळचा अमेरिकेतला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. असा फासा मच्छेत कुठे मिळणार? म्हणून मुलांनी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, म्हणजे हिशेब बिघडत नाही. गोष्ट घडत होती राजहंसगडावर. आमच्या मुलाचा योद्धा तिथल्या तळघरात पोहोचला होता आणि त्याच्यापुढे दोन हत्यारे होती, घेता येणार होते एकच. एक म्हणजे त्याच्याच तलवारीसारखी, पण मंतरलेली, नेमात व घावात प्रत्येकी एकाने सरस. दुसरी दोन हातांनी पेलायची मोठी तलवार. ती घेतली की ढाल टाकावी लागते.

आमच्या गणिताच्या बाईंनी वही मागून घेतली आणि त्याच कार्यालयात पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. जुन्या तलवारीचे शंभरात ५५ वार लागत. वीस चिठ्ठ्यांत एकाची वाढ म्हणजे शंभरात पाच, म्हणून मंतरलेलीचे ६०. दर वारामागे सरासरी इजा ५.१. मोठ्या तलवारीचे वार ५५च लागतात, पण घाव जबर, म्हणून सरासरी ५.५. फरक अवघा ०.४. उलट ढाल गेली की शत्रूचे शंभरात दहा वार जास्त लागणार. बाई म्हणाल्या, "सर, संभाव्यता शिकवायला मी यापेक्षा चांगलं उदाहरण आणलं नव्हतं."

वडिलांचे मत वेगळ्या वाटेने आले. ते म्हणाले, हत्याराला पाणी देताना नुसते कडक केले तर ते काचेसारखे तुटते. हार्डनिंग झाल्यावर परत बेताने तापवून टेंपरिंग करावे लागते, थोडा कडकपणा सोडून द्यावा लागतो. "मंत्रानं काय केलं ते लिहिलेलं नाही बघा यात," असेही ते गंभीरपणे म्हणाले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आम्हाला प्रेमचंदांची 'ईदगाह' आठवली. हामिदजवळ तीन पैसे. बाकीची पोरे मातीचे शिपाई, वकील, भिश्ती घेतात आणि हा आजीची बोटे तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेतो. मग वादावादीत तोच चिमटा सगळ्या खेळण्यांना भारी पडतो. ही कथा आम्ही किती वर्षे शिकवली! पण समोर पाच मुले हत्यार निवडत बसली होती, तेव्हा आम्हाला त्यात जुगारच दिसला.

मुलगा चार दिवस शाळेला आला नाही. पोटात दुखते म्हणून घरी सांगत होता. पाचव्या दिवशी आला तेव्हा वही व डबा घेऊन आम्ही स्वतः वर्गात गेलो. जप्ती सर्वांसमोर झाली होती, म्हणून "आमची चूक झाली" हेही सर्वांसमोरच म्हटले. वर्ग गप्प. मग मागून एकाने विचारले, "सर, त्यात दांडपट्टा का नाही?" २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केल्याचे त्याला ठाऊक होते. आम्ही सांगितले, पट्ट्याची मूठ मनगटाच्या वरपर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, सारी फेक खांद्यातून येते. लहानपणापासून फिरवल्याशिवाय तो साधत नाही, पेटीतून उचलला आणि चालवला असे होत नाही. बेळगावच्या शिवजयंतीत फिरवणाऱ्यांच्या भोवती केवढी जागा मोकळी ठेवतात ते आठवा.

बाईंचा हिशेब मुलाला पाठ झाला होता. तरी त्याने मोठी तलवारच घेतली. का, असे विचारले तर म्हणाला, "सर, दोन हातांनी धरायची आहे मला."

मागच्या शनिवारी शाळा सुटताना आम्ही मुद्दाम त्या बाकाशी थांबलो. ढाल नसलेला योद्धा राजहंसगडाच्या पायऱ्यांवर पडला होता. आता दर खेपेला एक चिठ्ठी काढायची, दहा किंवा वर आले तर तग धरला. तीनदा जमले तर वाचला, तीनदा हुकले तर संपला. दोनदा हुकले होते, एकदा जमले होते. आमच्या मुलाने डब्यात हात घातला आणि घंटा झाली. हिशेब ठेवणाऱ्या मुलीने डब्याचे झाकण लावले व म्हणाली, "सोमवारी."

— मुख्याध्यापक