पहाटेचे दादर

मुंबईत ताजी फुले हवी असतील, तर साखरझोपेवर पाणी सोडावे लागते. पहिल्या गाड्या दादरला लागल्या, की स्टेशनच्या पश्चिमेला कवी केशवसुत उड्डाणपुलाखाली आणि जवळच्या मीनाताई ठाकरे फूलमंडईत एकच झुंबड उडते. पायाखाली झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल, पाठीमागून हमालाची ‘बाजू, बाजू’ अशी आरोळी, आणि या साऱ्यावर निशिगंधाचा वास. कवीचे नाव त्या पुलाला शोभते, एवढे खरे.

वसईची माणसे सोनचाफा, मोगरा घेऊन लोकलनेच येतात. पुणे, सातारा, अहिल्यानगरकडची शेवंती, अॅस्टर नि झेंडू रात्रभर टेंपोतून प्रवास करून येतो. कडेला फूटपाथवर जव्हार-शहापूरकडच्या आदिवासी बाया आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या आणि पळसाची पाने मांडून बसलेल्या असतात. दिवाळीचे तोरण इथे पुरे होते.

दोन पावले पुढे गेले, की गुच्छवाल्यांची दुकाने. इथली दुनिया निराळी. जरबेराच्या प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकचे टोपडे, पांढऱ्या निशिगंधाला निळा रंग पाजलेला, आणि थायलंडहून विमानाने आलेले ऑर्किड. हे सारे पाहून ‘परदेशी फुले नकोतच’ असे म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ भेटतात. पण मग झेंडूचे काय करायचे? तो मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिथलाच. शेवंती चीनची. यांना आपण कधीच घरात घेतले आहे, तेव्हा कुळ विचारून काही साधत नाही.

नुसते अंतर मोजूनही भागत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड विद्यापीठात याचा हिशेब मांडला गेला. इंग्लंडच्या बाजारासाठी १२,००० गुलाब केनियात पिकवून विमानाने आणले, तर हवेत सुमारे ६,००० किलो कार्बन डायऑक्साइड जातो. हॉलंडच्या ऊब दिलेल्या काचघरांत तेवढेच गुलाब फुलवले, तर ३५,००० किलो! केनियात ऊन फुकट मिळते, हे त्यातले इंगित. आपल्या मावळातल्या तळेगावच्या गुलाबालाही हॉलंडसारखी शेगडी लागत नाही. म्हणून त्या गुलाबाकडे पाहून नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

माझी तक्रार फुलाशी नाहीच. त्याच्या भोवतीच्या सरंजामाशी आहे. गुच्छाच्या बुडाशी हिरवी, विटेसारखी भुसभुशीत वस्तू असते ना, तो फोम. १९५४ साली अमेरिकेत तो प्रथम निघाला. पाणी धरून ठेवतो, दांडे हवे तसे उभे करतो, सोय मोठी. पण तो कुजत नाही. चुरा होत होत त्याचे बारीक कण माती-पाण्यात जातात. वरून चकचकीत कागद, रिबन, फुलांवर चमकी. सत्कारमूर्ती घरी पोचेपर्यंत फुले मान टाकतात आणि बाकीचा संसार कचऱ्याच्या डब्यात वर्षानुवर्षे टिकायला मोकळा!

आणि प्लॅस्टिकची फुले? ‘दर दिवाळीला धुऊन लावता येतात’ असा गृहिणींचा हिशेब असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. पण तीन-चार वर्षांत रंग उडतो, मग ती टाकायची कुठे? शिवाय झेंडूचा शेतकरी वर्षभर दसरा-दिवाळीवर नजर ठेवून असतो. भाव पडला, की तोच झेंडू रस्त्याकडेला ओतून तो रिकामा टेंपो परत नेतो. प्लॅस्टिकची माळ त्याच्या याच चार दिवसांवर घाला घालते.

परवा एका दुकानाशी पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या.

“दादा, गुच्छ हवाय. फोम नको, चकचकीत कागद नको.”

“मग उभा कसा राहणार, आजी?”

“घरी तांब्या आहे की! तू केळीच्या सोपटाने बांध.”

दुकानदार हसला. “आमचे बाबा असेच बांधायचे,” म्हणाला, आणि पोराला समोर केळीच्या पानाला पिटाळले. बाईंनी निशिगंध स्वतः निवडला: खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या, वरच्या मिटलेल्या. असा दांडा रोज पाणी बदलून आणि बुडखा तिरपा छाटून ठेवला, तर चार-पाच दिवस सहज उमलत राहतो. जोडीला जांभळे अॅस्टर, पिवळी शेवंती. दिवाळीत दोन्हींचा हंगाम, म्हणून स्वस्तही. वर केळीचे पान गुंडाळले. पाच मिनिटांत असा देखणा गुच्छ झाला, की शेजारचे गिऱ्हाईक “मलाही तसाच,” म्हणाले.

पैसे मात्र त्याने नेहमीचेच लावले. कागद वाचला तरी हात तेवढेच लागतात, हे त्याचे म्हणणे बाईंनी घासाघीस न करता मान्य केले आणि गुच्छ पदराआड धरून त्या पुलाच्या गर्दीत शिरल्या.