शांततेचा शेजार

मनुष्य जेथें जन्मला तो त्याचा स्वदेश, असें म्हणतात. हें खरें मानलें, तर हिंगोली हा आम्हां दोघां भावंडांस परदेशच होय. आमचा जन्म अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं झाला. सन २०२३ च्या जून महिन्यांत आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला आणि वडिलांनीं तेथील नोकरी सोडून गांवीं परतण्याचें ठरविलें. वडील आपल्या घरीं आले; आम्ही मात्र परक्या मुलखांत येऊन पडलों.

गांवाची वस्ती जेथें संपते आणि हळदीचीं शेतें लागतात, तेथें आमचें घर आहे. पहिले कांहीं दिवस आम्हांस रात्रीं झोंप येईना. ह्यूस्टनला खिडकीबाहेर मोटारींचा घोष अखंड चाले. येथें रात्रीं सारें निजानीज! एखादें कुत्रें भुंके, तेवढाच काय तो आवाज. घरीं मराठी बोलत असूं, म्हणून भाषेचें भय नव्हतें, पण पहिल्याच सकाळीं शेजारच्या काकूंनीं आमच्यांतील धाकट्यास विचारलें, “काय करायलास, बाबा?” ‘करायला’च्या पुढें आणखी कांहीं येईल म्हणून आम्ही दोघेही वाट पहात उभे राहिलों. “काय करतोस?” एवढाच त्याचा अर्थ, हें मागाहून आईनें सांगितलें.

या काकू दिवसांतून चार वेळां येत. आजोबांनीं आज किती खाल्लें, त्यांची बाज कोणत्या खोलींत आहे, रात्रीं जवळ कोण निजतें, इतकेंच नव्हे तर वडिलांस अमेरिकेंत पगार किती होता, हेंही त्या विचारीत. ह्यूस्टनला शेजाऱ्याचें नांवही आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि त्यालाच आम्ही सभ्यता समजत होतों. एके दुपारीं काकू येतांना दिसल्या, तेव्हां आम्ही हळूच दाराला आंतून कडी घातली. त्यांनीं दोनदां हांक मारली आणि त्या परत गेल्या. उंबऱ्यावर झांकून ठेवलेलीं धपाटीं होतीं. तीं आम्ही खाल्लीं. लाज मात्र तेव्हां वाटली नाहीं.

“एवढी शांतता घेऊन करावयाचें काय?” असें आम्ही एकदां वडिलांस विचारलें. ते म्हणाले, “हीच शांतता शोधीत शास्त्रज्ञ येथवर आले.” मग त्यांनीं औंढा नागनाथाजवळ होणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळेची माहिती सांगितली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनांत असलेलें हें यंत्र दूर अवकाशांतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. अमेरिकेंतील अशा दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून उठलेली लहर प्रथम टिपली. रस्त्यावरील वाहनांच्या धक्क्यानेंही त्यांच्या कामांत व्यत्यय येतो. म्हणून गजबजाटापासून दूरची जागा हवी. या कामास भारत सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपये मंजूर केले. आम्ही ऐकून घेतलें. पण मन कांहीं रमलें नाहीं.

तें रमलें तें २१ मार्च २०२४ च्या सकाळीं. वडील हळद शिजविण्याच्या कामासाठीं रात्रीपासून शेतांत होते. सहा वाजून गेले होते. एकाएकीं जमिनींतून गडगडाट झाला, भांडीं वाजूं लागलीं आणि घर हादरलें. ज्या भूमीच्या स्तब्धतेला आम्ही कंटाळलों होतों, तीच हलत होती! आई ओरडली, “बाहेर चला!” पण आजोबांस उठतां येत नव्हतें आणि आम्हां तिघांच्यानें बाज उचलेना. आईनें दार उघडलें, तों काकू, त्यांचे दोघे मुलगे आणि पलीकडचे एक गृहस्थ दारांतच उभे. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. काकू सरळ मधल्या खोलींत गेल्या. बाज कोणत्या भिंतीशीं आहे, हें त्यांस ठाऊक होतें. क्षणांत आजोबा अंगणांत आले. थोड्याच मिनिटांनीं दुसरा धक्का बसला, तेव्हां सारी आळी त्यांच्या बाजेभोंवतीं उभी होती. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा होता, हें मागाहून कळलें. आमच्या आळींत कोणास इजा झाली नाहीं.

ज्या प्रश्नांस आम्ही भोंचकपणा म्हणत होतों, त्या प्रश्नांनींच आमचे आजोबा वेळेवर बाहेर आले. त्याच दिवशीं, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असें सरकारी आवाहन झालें. दुपारीं आम्ही दोघे न सांगतां काकूंच्या छपरावर चढलों आणि एकेक दगड खालीं दिला. कडीची गोष्ट कबूल केली, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, “मला तवाच कळलं होतं. धपाटे गोड लागले का?”

आजोबा आतां थोडें बोलतात. या जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मगांव. ते पंजाबांत घुमान येथें जाऊन राहिले आणि त्यांचीं ६१ पदें शीखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत, हें आजोबांनींच आम्हांस सांगितलें. तेथेंही त्यांस कोणी तरी “कोठून आलांत? जेवलांत का?” असें विचारलेंच असेल.

बालमित्रहो, नव्या गांवीं जाल तेव्हां दाराला दिवसा कडी घालूं नका. आमच्या दाराला आतां ती फक्त रात्रीं लागते.