पोत

पोत हा शब्द आमच्या माजलगांव तालुक्यांत शाळेंत जाण्यापूर्वींच मुलांच्या कानीं पडतो. शेतकरी मूठभर काळी माती बोटांत चुरून जमिनीचा पोत सांगतो. कापडाच्या दुकानांत बायका पदर चिमटींत धरून लुगड्याचा पोत पाहतात. संगणकावर त्रिमित आकृति घडविणाऱ्या कारागिरांच्या कामींहि आज हाच शब्द आला आहे. त्या कामाचा जो थोडासा अनुभव आम्हांस आला, तो वाचकांपुढें ठेवावा असा आमचा मानस आहे.

संगणकावर घडविलेली आकृति जन्मतः उघडी असते. तिला लांबी, रुंदी, उंची असते, कांति नसते. घडा असो, बैल असो कीं राजवाडा असो, सारीं एकाच करड्या मातीचीं दिसतात. अशा आकृतीवर चित्र चढविण्याची युक्ति अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत एडविन कॅटमल यांनीं आपल्या १९७४ सालच्या प्रबंधांत मांडली. पुढें १९७८ सालीं जेम्स ब्लिन यांनीं तींत मोठी भर घातली. पृष्ठभाग सपाटच ठेवून त्यावर पडणाऱ्या उजेडाचा हिशेब तेवढा बदलला, तर डोळ्याला तेथें खांचखळगे भासतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. हातानें चांचपून पाहतां आलें असतें तर भिंत गुळगुळीतच लागली असती; परंतु डोळा तिला खडबडीत म्हणतो.

सपाट चित्र गोल वस्तूवर बसवावयाचें कसें, हें शिंप्याला विचारावें. तो सपाट कापडांतून अंगरखा बेततो, कारण शिवण कोठें घ्यावयाची हें त्यास ठाऊक असतें. संगणकावरील कारागीर हेंच काम उलट्या क्रमानें करतो. तो आकृतीची शिवण कल्पून तेथें ती उसवतो आणि तिची कातडी सपाट पसरतो. मोसंब्याची साल पाटावर दाबून पाहा; ती फाटते तरी, नाहीं तर ताणली तरी जाते. गोलाचा पृष्ठभाग ताण न देतां सपाट करतां येत नाहीं, हें गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ सालच्या सिद्धांतावरून निघतें. मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीनें काढलेल्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढें दिसतें. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारें चौदापट आहे. म्हणून जाणता कारागीर आधीं बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आकृतीवर चढवून पाहतो. त्या सर्वत्र चौरस दिसल्या, म्हणजे कोठें ताण नाहीं असें समजावें.

याहून सोपी रीत म्हणजे आकृतीवरच कुंचला चालविणें. हॅनरहन व हेबर्ली या दोघांनीं १९९० सालीं तसें करून दाखविलें. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशीं बैलाचीं शिंगें रंगविणारास ही रीत नवी वाटणार नाहीं. तोहि आधीं शिंग तासून साफ करतो, मग गोलाईच्या कलानें रंग फिरवितो. ब्लेंडर नांवाच्या प्रणालींत ही सोय आहे; ती २००२ सालापासून सर्वांस विनामूल्य खुली झाली आहे, हें पालकांसाठीं मुद्दाम सांगतों.

ज्या घरासाठीं आम्ही ही विद्या शिकलों, तें आज पाण्याखालीं आहे. सिंदफणा नदीवरील माजलगांवचें धरण १९८७ सालीं पूर्ण झालें. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यांतील या धरणानें कोरडवाहू रानें भिजविलीं, ऊंस उभा केला; आणि त्याच पाण्यांत कांठचीं कांहीं गांवें गेलीं. त्यांपैकीं एका गांवांत आमच्या आजीचें घर होतें. त्या घराचें एकहि छायाचित्र नाहीं. आजीच्या लग्नांतलें एक आहे, पण त्यांत माणसांच्या मागें फोटोग्राफराचा रंगीत पडदा आहे. घर पडद्याच्या पलीकडे राहिलें.

एका उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें, तेव्हां जोत्याचे दगड उघडे पडले. पांढऱ्या मातीच्या भिंती केव्हांच विरघळल्या होत्या. वडील व आम्ही दोरी घेऊन गेलों आणि जोतें मोजलें. तें ३९ फूट लांब व २६ फूट रुंद भरलें. खांबांच्या तळखड्यांवरून खण किती तेंहि कळलें. त्या मापांवरून माळवदाचें घर संगणकावर उभें राहण्यास एक सुटी पुरली. आकार दगडांनीं सांगितला. पोत सांगावयास मात्र एकटी आजी उरली होती. तिचें वय आज ७८ आहे, आणि एका डोळ्यानें तिला अंधुक दिसतें. काम लांबविण्याजोगें नव्हतें.

शेजारच्या गांवांत अद्याप उभ्या असलेल्या एका माळवदाच्या भिंतीचीं छायाचित्रें आम्ही ढगाळ दिवशीं घेतलीं. कारण उन्हांत घेतलेल्या चित्रांत सावल्या गोंदल्यासारख्या कायम राहतात. एकच तुकडा पुनः पुनः जोडला तर भिंत छापील चिटासारखी दिसते. तें टाळण्यासाठीं केन पर्लिन यांची रीत आहे. ‘ट्रॉन’ या १९८२ सालच्या चित्रपटाच्या कामानंतर त्यांस यंत्राचा गुळगुळीतपणा खुपूं लागला, आणि निसर्गासारखा वाटणारा अनियमितपणा गणितानें निर्माण करण्याची युक्ति त्यांनीं काढली. तिच्याबद्दल त्यांस १९९७ सालीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. ती युक्ति आम्हीं भिंतींवर चालविली आणि घर आजीस दाखविलें.

आजीनें पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिलें. मग ती म्हणाली, “घर तर आपलंच हाय, लेकरा. पन ह्यात कोनी राहिल्यावानी दिसत न्हाई.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं ती सांगे व आम्ही रंगवीत असूं. चुलीवरची भिंत छतापर्यंत काळी; पण काळेपणा सरळ वर न जातां दाराकडे कललेला, कारण वारा तिकडे ओढत असे. दिव्याच्या कोनाड्याखालीं तेलाचा ओघळ. पन्हळीखालीं बाहेरच्या भिंतीवर पावसाच्या रेघा. जात्याभोंवतीं जमीन किंचित् खोल गेलेली. मधल्या खांबाला आजोबा पाठ टेकून बसत. तेथें रंग बदललेला नव्हता, केवळ चकाकी आली होती. या एका गोष्टीनें आम्हांस पुष्कळ शिकविलें. संगणकांत रंगाचें पान निराळें व खडबडीतपणाचें पान निराळें असतें. आजोबांची पाठ या दुसऱ्या पानावरच उमटवावी लागली. गणिताचा अनियमितपणा ढगांना व खडकांना शोभतो. घरांतला डाग मात्र कोणीतरी पाडलेला असतो, आणि तो कोणाचा हें घरच्या माणसालाच ठाऊक असतें.

आमचें भिंतीचें चित्र २०४८ बिंदू लांब व तितकेंच रुंद, म्हणजे ४१,९४,३०४ बिंदूंचें होतें. त्यांत आजीनें शेवटीं तीन रेघा काढावयास सांगितल्या. बळदाजवळ कोळशानें ओढलेल्या त्या रेघा शेजारणीला उसन्या दिलेल्या ज्वारीच्या तीन पायल्यांच्या होत्या. गांव उठलें, शेजारीण दुसरीकडे वसली, त्यानंतर दोघींची भेट झाली नाहीं. रेघा काढून झाल्या तेव्हां आजी हलकेच म्हणाली, “ज्वारी गेली तर गेली. रेघ ऱ्हाऊ दे. तेवढीच तिची खून हाय.”

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरींहि अशीं वडीलधारीं माणसें असतील. त्यांचें जुनें घर पाण्याखालीं गेलें असेल, पडलें असेल, वा त्याजागीं सिमेंटचें उभें राहिलें असेल. घर केवढें होतें हें तर विचाराच. पण कोणती भिंत काळी होती व कशानें, कोणता उंबरा झिजला होता व कोणाच्या पायांनीं, हेंहि विचारा. संगणक नसला तरी वही-पेन्सिल पुरे आहे. विलंब मात्र करूं नका. हा पोत दगडावर उरत नाहीं.

आमचें घर अद्याप पुरें झालेलें नाहीं. बळदाच्या तोंडाला शेण लावीत कीं पांढरी माती, याविषयीं आजी व तिची धाकटी जाऊ यांचें एकमत व्हावयाचें आहे.